एकच लेन्स घ्यायची होती

नाशिकबाहेरच्या माळावर मोटरसायकलींची शर्यत होती. मला एकच लेन्स परवडणार होती, आणि ती शर्यतींसाठी घ्यावी की घरच्या फोटोंसाठी, हे ठरत नव्हतं. प्रेक्षकांना अडवणाऱ्या दोरीपाशी पन्नाशीच्या एक बाई कॅमेरा घेऊन उभ्या होत्या. नांदगावला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. माझे धूसर फोटो पाहून त्यांनी पदराच्या आडोशाला, धूळ जाऊ न देता, स्वतःची लांब झूम लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावून दिली.

“पाय रोवा आन् गाडीसंगं कमरेतून वळा. बटण दाबल्यावरबी थांबू नका.”

चौथ्या फेरीला उडी घेणारा स्वार फोटोत स्वच्छ आला.

“पण घरी एवढी लांबची काय कामाची?” मी विचारलं.

त्यांनी लेन्स परत घेतली आणि पलीकडच्या गर्दीत हसणारे एक आजोबा टिपले. “जवळ गेलं की माणूस तोंड सावरून बसतं. लांबून ते त्याचं त्याचं असतं.”

त्यांचं नाव विचारायचं राहिलं. लेन्स मात्र मी तसलीच घेतली. आईचा माझ्याकडचा सगळ्यात चांगला फोटो त्याच लेन्सनं काढलाय, अंगणापलीकडून. आई मेथी निवडतेय आणि स्वतःशीच गुणगुणतेय.