आडव्या सीटवरून

देवास नाक्यापलीकडच्या एका गोदामात गजानन शिर्के फोर्कलिफ्ट चालवतो. तिथले रॅक छताला भिडलेले, आणि मधल्या गल्ल्या इतक्या अरुंद की साधं मशीन वळायचंच नाही. म्हणून गजाननच्या मशीनची सीट आडवी. तो रॅककडे तोंड करून बसतो आणि मान खांद्यावरून वळवून रस्ता बघतो.

“सवय आहे, नानाजी,” तो म्हणतो. “सारी जिंदगी बाजूनेच बघितलं.”

खरं आहे ते. आमच्या हौशी नाटक मंडळीच्या पडद्याची दोरी वर्षानुवर्षं त्याच्याच हातात होती. प्रत्येक नाटक त्याने विंगेतून पाहिलं. आमची नायिका सुमन ही त्याची बायको. पण रंगमंचावर तीही त्याला अर्धीच दिसली: एक कान, एक गाल, नथीची कड.

सुमनला जाऊन आता काही वर्षं झाली. त्या काळी आमचं शूटिंग कोण करणार! परवा अन्नपूर्णा भागातल्या माझ्या घरी चहा पिता पिता तो एकदम म्हणाला, “शेवटच्या सीनमध्ये ती बापाकडे बघायची, तेव्हा पब्लिक रडायची. सामनेसे कशी दिसायची हो?”

तो बाप मी. प्रेक्षकांकडे पाठ करून खुर्चीत मरून पडलेला. पण मेल्यावरही एक डोळा किलकिला ठेवायचो. ती नजर सोडून मरायला मी काय वेडा होतो?

“सांगता नाही येणार, भिया. करून दाखवतो.”

“तुम्ही? मिशांसकट?”

“मिशांकडे तू बघू नकोस.”

“मग इथे नको. सूनबाई हसतील.”

रविवारी त्याने मला गोदामात नेलं. सगळं शांत होतं. मशीन चालू असताना गल्लीत माणसाने पाऊल टाकायचं नाही, असा तिथला नियम. त्याने किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि समोर उभा राहिला.

मी सुमन झालो. नजर उचलली. हाक ओठांपर्यंत आणली आणि गिळली.

गजाननने आदराने सगळं पाहिलं. मग मान हलवली. “बहोत बढिया, नानाजी. पण ही कोणी दुसरीच आहे.”

लागलं मला. या वयातही लागतं.

तो मशीनवर चढला, आपल्या आडव्या सीटवर बसला आणि मान वळवली. “अजून एकदा करा. माझ्याकडे नका बघू. तिकडे, दाराकडे बघा.”

मी दाराकडे वळलो. पुन्हा नजर उचलली, पुन्हा हाक गिळली.

“आली,” तो हळूच म्हणाला.

डोळ्याच्या कोपऱ्यातून मला त्याचे हात दिसले. एकाखाली एक, सावकाश, ते हवेतली दोरी ओढत होते.

पडदा पूर्ण पडेपर्यंत मी हललो नाही.