चंदूबुवांचं रेकॉर्डिंग

भटवाडीत चंद्रप्रकाश राऊळांना पूर्ण नावानं कोणी ओळखत नसे. दिवसा ते लिफ्ट दुरुस्त करायचे, पण घाटकोपरपासून चेंबूरपर्यंतच्या मालवणी घरांत ते चंदूबुवा होते. गणपतीत भजनाला बसून त्यांनी गजर चढवला की समोरच्या बिल्डिंगीतले लोक गॅलरीत येऊन उभे राहायचे.

गेल्या वर्षी त्यांचा आवाज बसला, तो बसलाच. आधी सगळ्यांनी थंड पाण्यावर खापर फोडलं, मग सर्दीवर. शेवटी तपासण्या झाल्या आणि स्वरयंत्रात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले.

"मगे आवाज?" बुवांनी विचारलं.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी रुचिराला, म्हणजे बुवांच्या बायकोला, बाजूला घेऊन सांगितलं, "यांच्या आवाजात रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा. हाका मारणं, चहा मागणं, काहीही. नंतर फोनवर बटण दाबलं की त्यांचाच आवाज येईल. पण जपून करा, घसा लगेच थकेल."

त्यांची मुलगी मीरा नाशिकला नोकरी करते. तिनं चांगला माइक मागवून दिला आणि व्हिडिओ कॉलवर आईकडून लॅपटॉपवर सगळं लावून घेतलं. "लॅपटॉपचा पंखा आवाज करतो, तो लांब ठेव," एवढं तिनं बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुचिरानं आतल्या खोलीच्या खिडकीला गादी उभी लावली, फ्रिज बंद केला. माइकची वायर काढून लॅपटॉप स्वयंपाकघरात नेला, लांब वायरीनं पुन्हा जोडला आणि बुवांना माइकसमोर बसवलं. हेडफोन माइकलाच लावायचा होता. बुवांनी तो कानाला लावला, एकदा खाकरले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"काय झ्याक येता गे!"

मग वाक्यं सुरू झाली. "रुचिरा, चहा टाक." "मीरा, पोचलीस काय?" "माका भूक नाय." एकेक वाक्य झालं की रुचिरा स्वयंपाकघरातून म्हणायची, "हं, पुढचं." लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाची रेघ हलत होती. फार उंच जात नव्हती, पण घसाच अधू झालाय, रेघ तरी कुठून उंच जाणार, असं तिला वाटलं. मध्ये थांबून ऐकावं, हे तिच्या मनात एकदा आलंही. पण बुवांचा आवाज कित्येक आठवड्यांत इतका मोकळा लागला नव्हता. त्यांना थांबवायचा तिला धीर झाला नाही.

शेवटी बुवांनी खालच्या पट्टीत गजर धरला. नको नको म्हणताना तो वर नेला. रुचिरा दारात आली, तेव्हा ते डोळे मिटून गात होते. संपल्यावर त्यांनी पाणी मागितलं, तेही खुणेनं.

तिनं लॅपटॉप आत आणला आणि प्ले केलं.

आधी आवाज लहान असेल म्हणून तिनं तो वाढवला. मग ऐकू आलं ते नळाचं ठिबकणं, शेजारच्यांचा टीव्ही, तिच्या बांगड्या. बुवा कुठेतरी भिंतीपलीकडे पुटपुटत होते. आणि मध्येच अगदी कानाशी, लख्ख: "हं, पुढचं."

बुवा बघत राहिले. "ह्यो आवाज माझो नाय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

रुचिरानं मीराला व्हिडिओ कॉल लावला, फोन पडद्यासमोर धरला. मीरानं पडद्यावरचं इनपुटचं नाव वाचलं.

"आई, तू मध्ये वायर काढली होतीस का?"

"लॅपटॉप आत न्यायला काढली ना. परत लावली की गं."

"वायर काढल्यावर त्यानं लॅपटॉपचाच माइक घेतला. बाबांच्या माइकमधून काहीच रेकॉर्ड झालेलं नाही."

"अगं, पण त्यांना हेडफोनमध्ये स्वच्छ येत होतं!"

"हेडफोन माइकलाच होता. त्यांना थेट माइकमधलं येत होतं. लॅपटॉपपर्यंत ते पोचतच नव्हतं. मी सांगायला हवं होतं गं."

तिनं सांगितलं तसं रुचिरानं इनपुट बदललं. बुवा पुन्हा माइकसमोर बसले. "रुचिरा" म्हणायला गेले आणि नुसती हवा आली. पडद्यावर आता रेघ भरपूर हलत होती, फक्त खरखरीची.

संध्याकाळपर्यंत वाफ, कोमट पाणी, मौन, सगळं झालं. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न केला. दोन-तीन वाक्यं निघाली, तीही कोणा परक्या म्हाताऱ्याची वाटावीत अशी. सोमवारी ते अॅडमिट झाले.

पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग मीरानं साफ करून बघितलं. नळ आणि टीव्ही काढले, तर बुवा बादलीत तोंड घालून बोलल्यासारखे यायला लागले. तरी तिनं वाक्यं फोनमध्ये घातली. ऑपरेशननंतर घरी आल्यावर बुवांनी चहाचं बटण दाबलं. "रुचिरा, चहा टाक," असं लांबून आलं, आणि त्यावरच चढून "हं, पुढचं." ते मीराला कापता आलं नव्हतं. रुचिरानं गॅस पेटवला, पण पातेलं ठेवायचं विसरली. त्यानंतर बुवांनी ती बटणं पुन्हा दाबली नाहीत. काही हवं असलं की टेबलावर टकटक करायचे.

गणपतीच्या आधी भजनमंडळातले लोक घरी आले. बुवांच्या जागी आता त्यांच्यातलाच निलेश गाणार होता. बुवांनी मांडीवर ठेका धरून त्याला लय दाखवली. निलेश गायला लागला. दुसऱ्या कडव्याला बुवांनी एकदम हात वर केला. सगळे थांबले. बुवांनी तोंड उघडलं, ओठ हलले, गळ्यावरच्या ऑपरेशनच्या छिद्रातून हवा सुटली. त्यांनी पुन्हा तेच केलं, जास्त जोरात. मग हाताने हवेत काहीतरी वळण काढून दाखवलं.

निलेशनं रुचिराकडे बघितलं. "वहिनी, बुवा काय म्हणतायत?"

रुचिरा बुवांच्या तोंडाकडे बघत होती. तिलाही कळलं नव्हतं.