चौथऱ्यात गेलेला दगड

तापीकाठच्या आमच्या गावाबाहेर मातीची एक पडकी गढी आहे. तिच्या दाराशी सरकारने बसवलेला एक कोरीव स्मारकशिळेचा चौथरा आहे, आणि त्याचा विषय निघाला की आजही माझा आवाज चढतो. राग मला शोभत नाही, हे मी जाणतो. तालुका कचेरीसमोरच्या निंबाखाली बसून मी आयुष्यभर इतरांचे राग सनदशीर भाषेत उतरवून दिलेले आहेत. मराठी सहावीनंतर शाळा सुटली असली, तरी अर्थबोध होत नाही म्हणून माझा एकही अर्ज कचेरीने परत केलेला नाही. हा एक अर्ज मात्र कोणी नीट वाचलासुद्धा नाही.

महाराष्ट्र राज्य नवे होते. जुन्या गढ्या आणि आद्य वसाहती यांच्या जागी स्मारके उभारावीत, अशी टूम जिल्ह्याच्या ठिकाणी निघाली. आमच्या गढीसाठी समिती नेमली गेली. त्या समितीत लेखनाचा व्यवसाय असलेला मनुष्य असावा, असे कोणासही वाटले नाही. मजकूर धुळ्याहून तयार होऊन आला. त्यात असे होते की, गावच्या पाटलांच्या पूर्वजांनी गुजरातेतून येऊन, रान मोडून, येथे प्रथम वस्ती केली.

पाटलांचे पूर्वज आले, हे खरे. कापूस आणि केळी यांनी त्यांनी हा काठ हिरवा केला, हेही खरे. परंतु 'प्रथम' हा शब्द त्या दगडावर कोणत्या अधिकाराने बसला? गढीलगतच्या भिल्लवस्तीच्या मूळपुरुषाने तेथे पहिली चूल पेटवली, असे सारा गाव मानतो, आणि त्याचा दगड गढीच्या दाराशी होता. गावात कोणत्याही घरचे लग्न असो, पहिली हळद त्या दगडाला लागे. मग नवऱ्याला, मग नवरीला. पाटलांच्या घरचीसुद्धा.

त्या दगडाची आणखी एक रीत होती आणि घात तिनेच केला. होळी झाली की त्याच्यावरचा वर्षभराचा शेंदूर उतरवायचा, त्याला धुवायचे, आणि त्या साली गावात लागणाऱ्या पहिल्या लग्नापर्यंत कोरा ठेवायचा. चौथऱ्याचे कामगार परगावचे. ते आले होळीनंतर आणि पाया भरला आठवडी बाजाराच्या दिवशी, गाव शहाद्याला गेलेला असताना. त्यांना दाराशी एक चांगला, स्वच्छ, धुतलेला दगड दिसला. त्यांनी तो उचलला आणि पायाच्या खड्ड्यात घातला. सायंकाळी लोक परतले तेव्हा वर चुना पडलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावचा राखणदार जागल्या, भिल्लवस्तीतला म्हातारा, माझ्यासमोर येऊन बसला. त्याच्या मुलाचे लग्न आठवड्यावर आले होते.

"भाऊसाहेब, पह्यली हयद कोठे लावू?" तो म्हणाला. "दगडले लागनी नही तं लगीन व्हस नही. पोरगीना बाप आत्तेच फिरी जाई."

मी अर्ज लिहिला. असा अर्ज या तालुक्यात पूर्वी लिहिला गेला नसेल. चौथरा फोडून मूळ दगड सन्मानपूर्वक पूर्वस्थानी ठेवावा आणि 'प्रथम' हा शब्द काढावा, अशा दोन मागण्या केल्या. म्हाताऱ्याचा अंगठा घेतला आणि स्वतः कचेरीत मामलेदारसाहेबांच्या टेबलाशी उभा राहिलो.

साहेबांनी पहिला परिच्छेद वाचून कागद खाली ठेवला. "अहो अर्जनवीस, यांच्या पूर्वजांचा दगड कुठे आहे?"

"चौथऱ्याच्या पायात, साहेब."

"म्हणजे पूर्वजांच्या स्मारकाखाली पूर्वजच आहेत. मग तक्रार कसली?"

कारकून हसले. मी हसलो नाही.

तेथून पाटलांकडे गेलो. ते ओट्यावर सुपारी कातरत होते. "दगड काय कमी शेतस का सातपुडामा?" ते म्हणाले. "दुसरा आणा आनि लावा हयद. तुम्हले काय, तुम्हले अर्ज लिखाले कारण पाह्यजे."

हे उद्गार मी विसरलेलो नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचा बाप खरोखरच गढीशी येऊन उभा राहिला, दगड दाखवा म्हणू लागला. म्हातारा खाली मान घालून उभा. तेव्हा त्याची बायको हळदीचे ताट घेऊन पुढे झाली आणि सरकारी शिळेवर, कोरीव अक्षरांवर, ओंजळभर हळद थापली.

"तो आतमा शे," ती व्याह्याला म्हणाली. "बाहेरथीन लाव तरी त्याले समजस. तुम्हना अंगले नही का, सदरावरथीन ऊन लागत?"

व्याह्याने स्वतःची बोटे ताटात बुडवली. लग्न लागले.

वैशाखात पाटलांच्या मुलीचे लग्न होते. मी मुद्दाम पाहायला गेलो. पाटलीणबाई ताट घेऊन आल्या, मागे पाटील. दुसरा दगड त्यांनी सातपुड्यातून आणवला नव्हता. आपल्याच पूर्वजांच्या नावावर त्यांनी हळद लावली, वर शेंदूर लावला, आणि माझ्याकडे न पाहता निघून गेले.

पुढे शिळा विद्रूप केल्याबद्दल कचेरीची नोटीस आली, ती जागल्याच्या नावाने. हळद साऱ्या गावाने लावली आणि नोटीस एकट्याला. तिच्या उत्तरात मी हेच लिहिले, पाटलांच्या घरच्या हळदीसह. त्याखाली सही कोणी करावी हे सांगायला पाटलांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी वाचले आणि सही केली. नोटीस तेथेच थांबली.

परंतु दगड अजून आतच आहे. होळीनंतर शेंदूर उतरवतात तेव्हा ती अक्षरे उघडी पडतात आणि पहिल्या हळदीपर्यंत तो 'प्रथम' येणाऱ्या-जाणाऱ्याला खोटे सांगत उभा असतो. दर वर्षी त्याच दिवसांत मी तो अर्ज पुन्हा लिहितो, एकही शब्द न बदलता. म्हातारा गेला, आता अंगठा त्याच्या मुलाचा असतो, ज्याचे लग्न त्या साली अडले होते.