तळ्यावरची येळवस

आमच्या साखर कारखान्यात उसाच्या चिपाडावर वीज तयार होते. तिथलं तापलेलं पाणी निवायला एक मोठं तळं आहे, मातीची भिंत घालून अडवलेलं. त्या पाण्याची तपासणी करणं ही माझी नोकरी. त्याच तळ्याच्या बुडाशी आमचं शेत आहे. जमीन गेली म्हणून तर नोकरी लागली.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एरवी त्याचं दुःख नव्हतं. येळवस आली की मात्र माणूस बिघडायचा. त्या अमावास्येला आमच्याकडं गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. कडब्याची, उगवतीकडं दार असलेली कोप करून तिच्यात लक्ष्मी मांडायची, जेवणं झाली की आंबील शिंपडत शेताला फेरा मारायचा. शेत नसलेल्याला दहा जण बोलावतात. अण्णा जायचे, दोन घास खायचे आणि म्हणायचे, "दुसऱ्याच्या रानात पोट भरतंय, मन न्हाई भरत." मला तो दिवसच नको व्हायचा.

यंदा नेमकी माझी दिवसपाळी आली. गाळप चालू, सुट्टी कुठली! बायको म्हणाली, "मामांना घेऊन मीच तळ्यावर येते." साहेबांना विचारलं, तेही इकडचेच, लगेच हाव म्हणाले.

दुपारी दोघं भिंतीवर आली. तिच्या डोक्यावर भज्जी-उंड्यांच्या जेवणाची पाटी, अण्णांच्या खांद्यावर कडबा आणि हातात चक्क पहार! मी पोचेपर्यंत त्यांनी कोपीसाठी खड्डा घ्यायला सुरुवातही केली होती.

"अण्णा, धरणाला भोक पाडता का!" मी ओरडलोच. ज्या भिंतीवर आम्ही घुशींची बिळं शोधून बुजवतो, बाभळीचं रोप दिसलं की उपटतो, तिथं हे पहार मारत होते.

"मग लक्ष्मी काय उन्हात बसवू?" त्यांनी पहार टाकली आणि कडबा गोळा करायला लागले. "चल गं, घरी."

आज परतले असते, तर अण्णा पुन्हा तळ्याकडं फिरकले नसते.

बायकोनं माझी मोटारसायकल आणून उभी केली आणि दोन्ही बाजूंनी पेंढ्या टेकवल्या. "मामा, बघा बरं, दार उगवतीलाच हाय."

अण्णांनी फिरून पाहिलं, आरशावरचा कडबा सारखा केला आणि लक्ष्मी मांडली. मग जेवले ते असे, की मला भज्जी उरते की नाही अशी धास्ती पडली.

आंबिलीचं मडकं घेऊन ते उठले. पाण्याकडं बघत विचारलं, "आपलं रान कुठून कुठवर रे?"

मी अंदाजानं हात केला. पाण्याखालचा बांध मला तरी कुठं दिसतोय?

"ऱ्हाऊ दे," म्हणाले आणि भिंतीवरून चालू लागले. फेऱ्यातली ठरलेली कानडी आरोळी ठोकत, डहाळीनं आंबील शिंपडत, अख्ख्या तळ्याला फेरा! त्या पाण्यात असलं काही पडू नये याचाच मला पगार मिळतो. मी गप्प राहिलो आणि मला फार बरं वाटलं.

परत आले तेव्हा धाप लागली होती, पण चेहरा फुललेला.

"सगळ्यांचीच रानं हायेत खाली," मडकं सुनेच्या हातात देत म्हणाले. "फुडल्या साली मोठं आण गं. पलीकडच्या कडंला आंबील पुरली न्हाई."