मुंगळ्याची बोटं

माझ्या धाकट्या भावाच्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. शाळेच्या व्हॅनचं स्टिअरिंग तो तळहाताने फिरवायचा. कोणतं पोर वळणावर ओकतं, कोणाला खिडकीच लागते, कोण रडत चढतं आणि पुलापलीकडे हसायला लागतं, सगळं त्याला पाठ. लग्न केलं नाही. त्याचा संसार म्हणजे ती व्हॅन.

तरुणपणी त्याला सगळे मुंगळा म्हणायचे. गल्लीच्या टोकाला गेम पार्लर होतं. मी तिथे टोकन द्यायच्या खिडकीत बसायचे आणि हा गुळाला मुंगळा चिकटावा तसा मशीनला चिकटलेला असायचा. त्या पार्लरची एक नासकी रीत होती. सगळ्यात जास्त गुण केले की मशीन जिंकणाऱ्याकडून नावाची तीन अक्षरं मागायचं. इतर ठिकाणी माणूस आपली अक्षरं टाकतो. आमच्याकडे ज्याला हरवलं त्याची टाकायची, म्हणजे येणारा-जाणारा पडद्याकडे बघून म्हणणार, "हा बघा हरलेला गाढव!"

एके दुपारी मुंगळ्याने पैलवानाला हरवलं. पैलवान म्हणजे मानेचा पत्ता नसलेला, बापाच्या जिवावर माजलेला पोरगा. मुंगळ्याने त्याची अक्षरं सगळ्यात वर टाकली आणि पार्लर हसून लोटपोट झालं. पैलवान हसला नाही. त्याने मुंगळ्याचं डोकं मशीनवर आपटलं, त्याचा हात मशीनच्या लोखंडी दारात कोंबला आणि दारावर लाथा घालायला लागला. काटक्या मोडाव्यात तशी बोटं मोडली. मी धावत गेले आणि पैलवानाच्या दंडाला कडकडून चावले. तोंडात रक्त आलं, तरी तो थांबेना. दमला तेव्हाच थांबला. त्याच्या बापाच्या दहशतीपुढे तक्रार करायची कोणाची छाती झाली नाही, आमचीही नाही.

मग इतक्या वर्षांनी पुस्तक आलं. व्हिडिओ गेमचा इतिहास, जाडजूड, गुळगुळीत कागदाचा. लेखकमहाशयांना त्या पडद्याचा जुना फोटो मिळाला होता. वर पैलवानाची अक्षरं दिसली, झाला पैलवान चॅम्पियन! हरलेल्याने चिडून चॅम्पियनची बोटं ठेचली, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं आणि ते खरंच होतं. फक्त माणसं उलटी बसली. माझ्या भावाचं नाव-आडनाव छापून पुढे लिहिलं होतं, 'विकृत रागाचा तरुण'. त्यांनी पैलवानाला फोनही केला होता. तो नाही म्हणाला नाही. डोक्यावर आयता चढलेला मुकुट कोण उतरवतो?

ते पान पालकांच्या मोबाइलवर फिरलं. सकाळी शाळेच्या फाटकाशी एका मुलीच्या बापाने मुंगळ्याला कॉलर धरून व्हॅनबाहेर ओढलं. "माझी पोरगी तुझ्यासारख्या कसायाच्या गाडीत?" म्हणत त्याच्या तोंडावर बुक्का मारला. तो पडल्यावर आणखी दोघांनी लाथा घातल्या. पोरं काचेआडून किंचाळत होती. मुंगळ्याने हात उचलला नाही. दात थुंकून टाकला आणि आधी पोरांना उतरवून घेतलं.

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "लेखकाकडून दुरुस्ती आणा. नाहीतर व्हॅनची किल्ली इथे ठेवा."

आम्ही दोघं लेखकाच्या घरी गेलो. मी पार्लरची रीत समजावून सांगितली. लेखक गोड हसले. "ताई, हरलेल्याचं नाव कोण वर लावेल? आणि तीन पुस्तकांत हेच आहे."

"दुसऱ्या दोघांनी तुमच्या पुस्तकातूनच उचललंय ना?"

"म्हणजे त्यांनाही ते पटलंच ना," ते म्हणाले. माझ्या भावाच्या वाकड्या बोटांकडे बघून, "अपघात झाला का हो?" असंही विचारलं. त्या क्षणी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलून त्यांच्या दातांवर हाणावा असं मला वाटलं. मग त्यांनीच तोडगा काढला. नव्या आवृत्तीचा समारंभ होता. मुंगळ्याने व्यासपीठावर पैलवानाची माफी मागायची, पैलवान मिठी मारणार, मुख्याध्यापिकाबाईंना बोलावू, विषय संपला.

"नको," मी म्हटलं. मुंगळा म्हणाला, "ताई, व्हॅन जाईल गं." आणि कबूल झाला.

समारंभाला पैलवान आला तो उजव्या हाताला पांढरं बँडेज बांधून. मला हसू फुटलं आणि लगेच अंगाचा तिळपापड झाला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. मुंगळा पुढे गेला. माफीसाठी त्याने तो हात हातात घेतला आणि काही न बोलता बँडेज उलगडायला लागला. पैलवानाने हिसका दिला, पण स्टिअरिंग ओढून ओढून मुंगळ्याचं मनगट लोखंडी झालंय. पट्टी खाली पडली. आत पाच धडधाकट, जाडजूड बोटं. मग मुंगळ्याने आपला हात वर धरला.

लेखकांचा चेहरा पांढरा पडला. मुख्याध्यापिकाबाई उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडून "अरेरे" निघालं. जिंकला, मी मनात म्हटलं. आता खाली ये, बाळा, घरी जाऊ.

पण पैलवान त्याच्या कानाशी वाकला. पहिल्या रांगेत मला स्पष्ट ऐकू आलं. "तेव्हा रडताना चड्डीत मुतला होतास, मुंगळ्या. ते सांगू का यांना?"

चॅम्पियनसाठी आणलेला पितळी चषक टेबलावर होता. मुंगळ्याने पैलवानाचा हात टेबलाच्या कडेवर दाबला आणि चषकाचा बुंधा बोटांवर आणला. परत आणला. परत. पैलवान ओरडत गुडघ्यांवर आला, पुस्तकांच्या गठ्ठ्यावर रक्त उडालं. मी "पुरे, पुरे!" ओरडत होते आणि खरं सांगते, पहिल्या घावाला मला बरं वाटलं. दुसऱ्या घावाला मात्र मी व्यासपीठाकडे धावले.

व्हॅन आता दुसरा कोणीतरी चालवतो. मुंगळा आत आहे.

त्या दिवशी पोलीस चौकीत जबाब देऊन बाहेर आलेले लेखक माझ्याजवळ थांबले. "मी दुरुस्ती करणार होतो हो," ते म्हणाले. "व्यासपीठावर बोटं बघितली तेव्हाच ठरवलं होतं. हरलेल्या कोणीतरी चॅम्पियनची बोटं ठेचली, असं तिथे लिहिलंय. ताई, आता तर दोघांनीही बोटं ठेचली, मी तिथे कोणाचं नाव घालू?"