सावरगावची बोली, गुडगावचा फोन

कोंबडी गावठी असली की तिचा भाव चढतो. अंडी, लसूण, गुलाब, सगळ्यांचं तेच. माणूस तेवढा गावठी निघाला की त्याची किंमत उतरते. हा न्याय कुणी ठरवला देव जाणे, पण भानुमतीबाईंनी तो पंचवीस वर्षं निमूट सोसला.

त्या परभणीकडच्या सावरगावच्या. नवरा हरिदास पुण्याचा, दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत. लग्न होऊन रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या आणि पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मराठी बाईंना म्हणाल्या, "उलीसं विरजण देता का?" तिथं बसलेल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. वाईट नव्हत्या त्या, पुढं जन्माच्या मैत्रिणी झाल्या, पण ते हसू काही विसरलं गेलं नाही. संध्याकाळी हरिदासराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "थोडंसं म्हणत जा गं. उलीसं फार गावठी वाटतं."

बाई हुशार. सहा महिन्यांत बोली अशी छाटली की पुण्याच्या सासूबाईंनाही खोट काढता येईना. पण छाटलेलं बोलणं जपून बोलावं लागतं, आणि जपून बोलणारा माणूस हळूहळू कमीच बोलायला लागतो. कुणी गाव विचारलं तर "पुण्याकडची" म्हणून त्या मोकळ्या होत. मूळची बोली उरली ती उतू जाणाऱ्या दुधावर खेकसण्यापुरती.

लेक वैभवी चौथीत असताना पालकसभेला निघाल्या, तर पोरीनं जिन्यातच हात धरून बजावलं, "आई, तू वहाँ कुछ मत बोलना. बस स्माईल करना." बाई तासभर स्माईल करून आल्या, आणि घरी येऊन नळ सोडून रडल्या. लेकराचा तरी काय दोष? घरात बघितलं तेच ते शिकलं.

पुढं दिल्लीतल्याच द्वारकेला सोसायटीत फ्लॅट झाला. तिकडे गुडगावात काचेच्या इमारती उठल्या, आणि दोन हजार तीन साली बी.कॉम. झालेली वैभवी तिथल्या एका मोबाईल कंपनीच्या हेल्पलाइनवर नोकरीला गेली. इंग्रजीच्या चाचणीत मात्र अडकली. "थोडा देहाती टच है," असं म्हणून साहेबांनी तिला मराठी डेस्कवर टाकलं. त्या डेस्कला सगळे 'रीजनल' म्हणत, आणि म्हणताना नाक मुरडत. आईनं पंचवीस वर्षं जे ऐकलं, ते लेकीला एका दुपारीत ऐकायला मिळालं. ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडली.

खरी पंचाईत पुढंच होती. फोन यायचे जालन्याहून, हिंगोलीहून, कुठल्या कुठल्या वस्तीवरून. वैभवी समोरचा कागद वाचायची, "आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." तिकडचा माणूस गोंधळून फोन ठेवायचा आणि पाच मिनिटांत परत लावायचा. त्याचं बोलणं हिला कळेना, हिचं त्याला. सुपरवायझर गौरव हा रोहतकचा, त्याला मराठीचा गंध नाही. त्यानं स्वच्छ सांगितलं, "महीना भर देखते हैं. नहीं जमा, तो सॉरी."

त्या संध्याकाळी वैभवी ओट्यापाशी येऊन उभी राहिली. "आई, येरवाळी म्हणजे काय गं?"

भानुमतीबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली. सावरगावच्या शब्दाचा अर्थ या घरात त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. "लवकर. वेळेच्या आधी," त्या म्हणाल्या, आणि पळी ठेवून लेकीकडे वळल्या.

मग रोज शिकवणी. बाई आतल्या खोलीत गिऱ्हाईक होऊन बसायच्या, लेक जेवणाच्या टेबलाशी. "अवं बाई, माजा फोन सकाळधरनं मुका झालाय!" बाई आतून अशा कडाडायच्या की वैभवी हसून लोळायची. हरिदासरावांनी पेपराआडून एकदा "आमचं गावठी विद्यापीठ" म्हणून घेतलं. कुणीच हसलं नाही, तेव्हा ते पेपरात परत शिरले.

"आधी गाव विचार, मग तक्रार," बाईंनी पहिला धडा दिला. "गाव विचारलं की माणूस टेकतो. मग सगळं सांगतो."

"कागदावर नाहीये ते."

"नसू दे. कागदाला कुठं गाव असतं!"

पंधरा दिवसांत वैभवीचे फोन लांबले, पण लोक शांत झाले. बाईंना वाटलं, जमलं. तेवढ्यात मुंबईहून तपासणीचा शेरा आला. तिथं कुणीतरी बसून फोन ऐकायचं, आणि त्यानं लिहिलं होतं, "भाषा गावठी. सुधारणा आवश्यक." शुक्रवारचे फोन ऐकून निकाल लागणार होता.

तोच शब्द! फक्त आता लेकीच्या कपाळी, तोही आपल्यामुळे. भानुमतीबाई रात्रभर तळमळल्या. शुक्रवारी सकाळी डबा भरताना म्हणाल्या, "आज कागदच वाच बाई. नोकरी महत्त्वाची." वैभवीनं डबा पिशवीत टाकला. गाडी आली, ती गेली.

दुपारपर्यंत बाईंनी दम धरला. मग लेकीच्याच कंपनीचा आपला मोबाईल उचलला, हेल्पलाइनचा नंबर फिरवला आणि मराठीचं बटण दाबलं. लेक कागद वाचते की नाही, तेवढंच ऐकायचं होतं. वाचला तर नोकरी वाचेल. आणि वाचला तर आपलं काळीज तुटेल, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. मराठी डेस्कवर चौघंच होती. पहिल्यांदा कुणी मुलगा लागला. त्याची दिलगिरी ऐकून बाईंनी फोन ठेवला. दुसऱ्यांदा लागली ती वैभवी.

"नमस्कार, बोला."

"माझ्या फोनची घंटी वाजत नाही," बाई छाटलेल्या मराठीत म्हणाल्या. ते खरंही होतं.

 लेकीनं आईचा आवाज ओळखला होता, पण फोनवर ओळख द्यायची सोय नव्हती. मग ती हळूच म्हणाली, "करू की नीट. आधी सांगा मावशी, गाव कोणतं तुमचं?"

पोटच्या पोरीनं मावशी म्हटलं! बाईंच्या ओठांवर सवयीनं 'पुणे' आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "परभणीकडची हाय मी. सावरगावची."

"मग आपण एकाच गावच्या की!" वैभवी मोठ्यानं म्हणाली, आजूबाजूच्या तिघांना आणि मुंबईच्या त्या कानाला ऐकू जाईल असं. "माजी आईबी सावरगावचीच. उलीसं थांबा, घंटी चालू करून देते."

घंटी चालू झाली. बाई मात्र मोबाईल मांडीवर ठेवून किती तरी वेळ रडत बसल्या, या खेपेला नळ न सोडता.

नोकरी राहिली. मुंबईचा शेरा काही बदलला नाही. पण गौरवनं आपला साधा हिशेब मांडला होता. इतरांचं गिऱ्हाईक तीन-तीनदा फोन करतं, हिचं एकदाच. "भाषा मुझे नहीं आती," तो म्हणाला, "लेकिन इसका कॉल वापस नहीं आता. लड़की रहेगी."

निकालाच्या संध्याकाळी नोकरी पक्की झाल्याचं कंपनीचं पत्र हरिदासरावांनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला आणि बायकोला म्हणाले, "मलाही उलीसा चहा टाक." तेवढंच म्हणाले, पण ते म्हणायला त्यांना पंचवीस वर्षं लागली होती.

वैभवी कपाटातून आईची हिरवी इरकल काढत होती. "आई, रविवारी ऑफिसात फॅमिली डे आहे. गौरव सरांना तुला भेटायचंय. ही नेस."

"अगं, मी तिथं काय करू?"

"बोल," वैभवी म्हणाली. "नुसती स्माईल नको करूस."