लाल ठिपके

शर्टाची एक बाही इस्त्री झाली होती, दुसरी तशीच चुरगळलेली. इस्त्रीपेक्षा ठिपकेबाईचं डोकं जास्त तापलं होतं. हे नाव नणंदेने ठेवलेलं. वहिनी दिवसभर लॅबमध्ये ठिपके बघत बसते, म्हणून. बोटभर काचपट्टीवर जनुकांचे हजारो ठिपके. स्कॅनर त्यांच्यावरून प्रकाश फिरवतो, की कोणी लाल उजळतो, कोणी हिरवा. हल्ली मात्र हिरवे झगझगीत आणि लाल फिके.

स्कॅनर ठणठणीत होता, तिने तपासला होता. म्हणजे पाणी पट्ट्यांतच मुरत होतं. आणि पट्ट्या धुऊन वाळवायचं काम लॅबमधल्या चष्मेवाल्या सहकाऱ्याचं. उजेडात उघड्या टाकत असणार, नाहीतर मुद्दाम करत असणार. तिला बढती मिळाल्यापासून तो जरा जास्तच गोड बोलायचा. आज तिने मॅडमच्या कानावर घातलंच. "उद्या सकाळीच काढते त्याला," मॅडम म्हणाल्या.

"बरं झालं, काटा निघाला," नणंद म्हणाली.

"करताना पाहिलंस त्याला?" पलंगावरून सासूबाईंनी विचारलं.

"पाहायचं काय त्यात, आई?" ठिपकेबाई म्हणाली. "चोराच्या मनात चांदणं."

"देव बघतो हो. दुसऱ्याच्या पदरात पाप टाकण्याआधी आपला पदर झटकावा."

नणंदेने हसत नवं यंत्र लावलं. हवा शुद्ध करणारं, आईच्या दम्यासाठी आणलेलं. "तू लॅबमध्ये ठेवलंयस ना वहिनी, अगदी तेच!"

थोड्या वेळाने सासूबाईंनी नाक मुरडलं. "वास कसला गं हा, ठिणगी उडाल्यासारखा? बंद कर ते मेलं!"

इस्त्री हवेतच थांबली. हाच वास पट्ट्या वाळवायच्या टेबलापाशी येत होता. धूळ नको म्हणून तिनेच ते यंत्र तिथे ठेवलं होतं. यंत्रातून सुटणाऱ्या ओझोनचा वास! ओझोन लाल रंग खातो, हिरव्याच्या वाटेला जात नाही, हे तीच नवख्यांना शिकवायची. उजेडाने हिरवाही थोडा उतरला असता. पण संशय डोळ्यांवर बसला, की नाकही बंद होतं.

"भूत पाहिलंस का?" नणंदेने विचारलं.

"भूत परवडलं असतं."

तिने आधी यंत्राची पिन उपटली, मग इस्त्रीची.

"अगं, आणि ही बाही?"

"राहू दे." चपला घालतानाही मनातला किडा वळवळलाच: तिकडचं बंद करूनही लाल फिकाच आला तर? आला तर येवो. लॅबमधलं यंत्र बंद करायचं आणि तिथून थेट मॅडमच्या घरी जायचं.